दाढेसाठी सीमापार

अमेरिकेत १९६५ साली ज्येष्ठांसाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी आरोग्यविमा योजना आली. नेहमीचे दंतोपचार मात्र तिच्या बाहेरच राहिले. म्हणून हिवाळ्यात ॲरिझोनातल्या युमा शहराजवळच्या अँड्रेड सीमानाक्याशी, क्वेचान या मूळनिवासी जमातीच्या वाहनतळावर गाड्या लावून पांढऱ्या केसांची माणसं पायी मेक्सिकोत शिरतात. पलीकडचं लॉस अल्गोदोनेस गाव एवढंसं, पण दंतवैद्य शेकडो. रूट कॅनाल, कॅप अमेरिकेपेक्षा बरेचदा निम्म्याहून कमी खर्चात होते.

इम्प्लांटचं गणित वेगळं. स्क्रू हाडात रुजायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, त्यानंतर बहुधा वरचा पक्का दात बसतो. म्हणजे फेऱ्या किमान दोन. प्रवासखर्च त्यात धरा. ‘एका मुक्कामात सगळं उरकतो’ म्हणणाऱ्याला चार प्रश्न जास्तच विचारावेत. इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, लॉट क्रमांक लिहून घ्या, एक्स-रे मागून आणा. पुढे स्क्रू सैल झाला, तर घराजवळच्या डॉक्टरला योग्य अवजार शोधायला हेच कागद लागतात.

अमेरिकेत व्हिसावर राहणाऱ्या मराठी मंडळींनी दातांआधी पासपोर्ट आणि परतीच्या प्रवेशाची कागदपत्रं तपासावीत. जाताना फारसं कुणी अडवत नाही. येताना रांग असते, आणि नाका रात्री बंद होतो.