शिकारी रायफलीचे वजन कमी करण्यामागील भौतिकी : ली-एनफिल्ड रायफलीच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाराष्ट्रात 'थ्री नॉट थ्री' हे नाव खेड्यापाड्यांतही सर्वपरिचित आहे. पोलिसांच्या खांद्यावर दीर्घकाळ दिसलेली ही .३०३ ली-एनफिल्ड बोल्ट रायफल सुमारे ४ किलो वजनाची असे. शिकारीच्या अनेक रायफली याच रचनेवर बेतल्या गेल्या. रानावनात दिवसभर वाहून न्यावयाचे शस्त्र हलके असावे, ही अपेक्षा स्वाभाविक होय. मात्र हलकेपणाची किंमत कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वजनाची विभागणी :
रायफलीचे वजन मुख्यतः नळी, बोल्टची चौकट आणि लाकडी दस्ता यांत सामावलेले असते. पोलादाची घनता ७.८, तर ॲल्युमिनियमची २.७ आहे. त्यामुळे बाह्य भागांत धातू बदलता येतो. परंतु स्फोटाचा दाब सहन करणाऱ्या भागांत अशी मोकळीक नसते. नळी बारीक केल्यास ती लवकर तापते आणि नेम ढळू लागतो.

एक ऐतिहासिक प्रयोग :
१९४४ मध्ये ब्रिटिशांनी 'क्रमांक ५' ही आखूड ली-एनफिल्ड सेनेत आणली. नळी सुमारे ६४ सें.मी. वरून ४८ सें.मी. केली, पुढचे लाकूड छाटले, चौकटीतील धातू कोरून काढला, बोल्टची मूठही पोकळ केली. वजन सुमारे ३.२ किलोवर आले. परंतु धक्का व ज्वाला वाढल्या. त्यासाठी दस्त्याला रबर आणि नळीच्या तोंडाशी शंकू बसवावा लागला. नेम एका जागी टिकत नाही, ही तक्रारही कायम राहिली. अखेर १९४७ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

धक्क्याचे गणित :
११.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७४४ मीटर वेगाने सुटते. तिचा संवेग ८.४ एकक होतो. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार तेवढाच संवेग रायफलीला उलट दिशेने मिळतो. ४ किलोच्या रायफलीत धक्क्याची ऊर्जा ८.८ ज्यूल, तर ३.२ किलोच्या रायफलीत गोळीचा वेग तेवढाच धरल्यास ११ ज्यूल येते. वायूंचा वाटा याहून वेगळा. म्हणजेच वजन एक-पंचमांशाने घटले, तर ऊर्जा एक-चतुर्थांशाने वाढते. याउलट, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले, त्या ५० मीटर क्रीडाप्रकारात नेमबाज मुद्दाम जड रायफल पसंत करतात. कारण वजन स्थैर्य देते.

कायदेशीर बाजू :
रेणापूर परिसरात सोयाबीन, तूर या पिकांत रानडुकरे शिरतात. पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार शिकारीस बंदी असून पिकांची हानी करणाऱ्या प्राण्याबाबतही कलम ११ अन्वये लेखी परवानगी अनिवार्य आहे. तसेच शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार विनापरवाना नळी आखूड करणे निषिद्ध आहे. म्हणून 'थोडी नळी कापून घेऊ' हा गावठी सल्ला केवळ धोकादायकच नव्हे, तर गुन्हा ठरतो.

निष्कर्ष :
वजन घटविणे म्हणजे केवळ धातू कमी करणे नव्हे. ती धक्का, अचूकता व सुरक्षितता यांच्यातील तडजोड आहे. बचत करावयाचीच झाल्यास ती दस्ता, पट्टा, दुर्बीण यांसारख्या दाब न सोसणाऱ्या भागांत, तीही अधिकृत कारागिराकडून करावी. नळी व चौकट यांना हात लावू नये, हाच 'क्रमांक ५'चा धडा होय.