ओटा बदलताना आधी पन्हा विचारा

कापडाच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक मीटरचा भाव ऐकले की लगेच विचारते, पन्हा किती? छत्तीस इंची, चव्वेचाळीस इंची की अठ्ठावन्न इंची? पन्हा कळल्याशिवाय भावाला काही अर्थ नाही, हे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक असते. पण तेच गिऱ्हाईक घरातला स्वयंपाकाचा ओटा आणि कपाटे बदलायला निघते, तेव्हा "रनिंग फुटाला किती?" एवढेच विचारून बयाणा देऊन मोकळे होते. हे मी इतरांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. तीस वर्षे कापड विकणारा मी स्वतः असाच फसलो, आणि फसवले कोणी, याचे उत्तर मला बऱ्याच उशिराने सापडले.

आमचे घर जुन्या नाशकातले. ओटा वडिलांच्या वेळचा, कडप्प्याचा, खाली उघडी फडताळे. २०१७ साली मुलाच्या लग्नाआधी घरच्यांनी हट्ट धरला की आता नवे किचन हवे. मोहल्ल्यातला एक सुतार मिस्त्री ओळखीचा होता. त्याने रनिंग फुटाचा भाव सांगितला, मी बाजारातल्या सवयीप्रमाणे त्यात घासाघीस केली आणि जवळजवळ चौथा हिस्सा कमी करून घेतला. आपण सौदा जिंकला, असे वाटून मी त्या दिवशी खुशीत घरी आलो. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालचे कपाट फुगले. फळीचे पदर पापडासारखे सुटले, बिजागरीचे स्क्रू निखळले. मी तावातावाने त्याच्याकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, भाव तुम्ही ठरवला, मग माल मी ठरवला." प्लायवूड कोणते घालायचे, हे मी विचारलेच नव्हते. त्याने लिहून दिले नव्हते, मीही मागितले नव्हते.

सबब पहिली गोष्ट मापाची. रनिंग फूट म्हणजे ओट्याची नुसती लांबी. त्यात उंची येत नाही, खोली येत नाही, आत किती खण, किती ट्रॉल्या, मागे फळी आहे की भिंतच, यातले काहीच येत नाही. समजा ओटा दहा फूट लांब आणि अडीच फूट उंच आहे. समोरून मोजले तर पंचवीस चौरस फूट होतात. एक मिस्त्री या पंचवीस फुटांचा भाव सांगतो, दुसरा दहा रनिंग फुटांचा, तिसरा म्हणतो ट्रॉली वेगळी, हँडल वेगळे, वरची कपाटे वेगळी. तीन भाव शेजारी ठेवून आपण स्वस्त कोणता ते ठरवतो आणि तिथेच चुकतो. तिघांनाही एकाच कागदावर एकाच मापाने भाव लिहायला सांगावे. दगडाचेही तसेच आहे. ओटा दोन फूट रुंद असला आणि ग्रॅनाइटची लादी पावणेतीन फुटांची असली, तर उरलेल्या पट्टीचे पैसे कोण देणार? कडेची गोलाई फुटावर लागते, सिंक आणि शेगडीसाठी पाडलेल्या भोकाचा दगड वजा होत नाही आणि कापण्याची मजुरी निराळी. यात लबाडी नाही, धंद्याची रीत आहे. पण रीत आधी माहीत असावी.

दुसरी गोष्ट लाकडाची. प्लायवूडवर आयएसआयचा शिक्का असतो आणि त्याखाली क्रमांक असतो. ३०३ हा क्रमांक साध्या वापराच्या प्लायवूडचा. त्यात दोन दर्जे आहेत. एमआर म्हणजे नुसती दमट हवा सोसणारे, यालाच बाजारात 'कमर्शियल' म्हणतात. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला बऱ्यापैकी टिकणारे. ७१० हा मरीन प्लायचा क्रमांक. त्याचा तुकडा ७२ तास पाण्यात उकळून पदर सुटतात का, हे तपासलेले असते. शयनगृहातल्या कपाटाला कमर्शियल चालेल, स्वयंपाकघरात चालणार नाही, आणि सिंकखाली तर मरीनच हवे. 'वॉटरप्रूफ' हा शब्द दुकानदाराच्या तोंडचा आहे, शिक्क्यावरचा नाही. आमच्या धंद्यात 'सुती' म्हणून काय काय विकले जाते ते मला माहीत आहे, त्यामुळे या शब्दावर मी आता विश्वास ठेवत नाही. जाडीही पट्टीने मोजावी. अठरा मिलिमीटर सांगून सोळाचे पान येणे नवे नाही. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफची तयार कपाटे दिसायला सुबक असतात, पण कडेची पट्टी सुटली आणि आत पाणी गेले की ती परत जागेवर येत नाहीत.

तथापि माझे मत विचाराल तर नाशिकच्या जुन्या वस्तीत ओट्याखाली लाकूड जितके कमी तितके बरे. आपल्याकडची जुनी पद्धत कडप्प्याच्या उभ्या फळ्यांची आहे. भिंतीला लागून कडप्प्याचे खण, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या, पुढे फक्त दरवाजे. हल्लीचे इंटिरिअरवाले याला गावठी म्हणतात. पण भिंतीला ओल धरणाऱ्या घरात हा दगड कधी फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. गोदावरीच्या २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरात सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल या भागात पाणी शिरले होते. अशा गल्लीत तळमजल्यावर राहणाऱ्याने प्लायवूडचे किचन करणे म्हणजे पैसे नदीत सोडणे आहे. कडप्पा धुऊन परत वापरता येतो. ट्रॉली घेताना स्टीलचा दर्जा बिलावर लिहून घ्यावा, ३०४ की २०२. लोहचुंबक लावून ओळखता येते, असा सर्रास समज आहे, तो खोटा. चुंबक दोन्हीला साधारणपणे चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी असते, म्हणून मीठ-पाणी लागणाऱ्या जागी ते लवकर गंजते.

आता वरचा दगड. कडप्पा आंध्रातून येतो, कोटा राजस्थानातून. दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडले की त्यांवर पांढरट डाग पडतो. संगमरवराचेही तेच, त्याला हळद आणि तेलही लागते. ग्रॅनाइटला लिंबाचे काही होत नाही, गरम पातेले थेट ठेवले तरी सहसा चालते. म्हणून बकरीदला मांस कापणे, रमजानमध्ये रोज तळण, चाळीस माणसांच्या बिर्याणीचे पातेले, अशा वापराला ग्रॅनाइटच योग्य. फक्त काळा ग्रॅनाइट घेताना एक परीक्षा करावी. काही काळ्या लाद्या मुळात करड्या असतात आणि त्यांना रंग चढवलेला असतो. आम्ही कापडाचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघतो. तसेच इथे पांढऱ्या फडक्याला थिनर लावून लादी घासावी. फडके काळे झाले तर लादी परत ठेवावी. जुन्या लाकडी मजल्याच्या घरात वजनाचाही विचार हवा. वीस मिलिमीटरच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला सुमारे पाच किलो भरते. दहा फुटी ओट्याचा नुसता वरचा दगडच शंभर किलो. खालच्या तुळया कोणा जाणकाराला दाखवल्याशिवाय गवंड्याला छिन्नी लावू देऊ नये.

हल्ली 'क्वार्ट्झ' नावाचा कारखान्यात बनवलेला दगड नव्या कॉलन्यांतून खूप खपतो. गारगोटीची भुकटी आणि राळ यांचा तो लगदा. डाग पडत नाही हे खरे, पण गरम तवा ठेवला की राळ जळून चट्टा पडतो. त्याहून महत्त्वाचे, तो कापणाऱ्याच्या छातीत जाणारी धूळ. या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसमुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही हा घटक असतोच, कमी असला तरी. राजस्थान सरकारने २०१९ साली अशा रुग्णांसाठी वेगळे धोरण आणले, ते उगाच नव्हे. आपल्या वाचकांत दगड कापणारे, फरशी बसवणारे कारागीर आहेत. दारात बसून कोरड्या ग्राइंडरने लादी कापताना नाकाला नुसता रुमाल बांधणे पुरेसे नाही. पाणी सोडून कापावे, नीट बसणारा मास्क लावावा. आणि गिऱ्हाइकाने "पाण्याने चिखल होतो, कोरडेच कापा" असे म्हणू नये. आमच्या घरी पहिल्या वेळी मीच तसे म्हणालो होतो.

उंचीचा प्रश्न पुरुषांनी ठरवू नये. गवंडी बत्तीस इंच म्हणतो, दुसरा चौतीस म्हणतो. जिला तिथे उभे राहायचे तिने सरळ उभे राहून कोपर वाकवावे आणि कोपरापासून चार ते पाच इंच खाली खूण करावी. आमचा जुना ओटा तीस इंची होता, माझ्या आईच्या मापाचा. पत्नीची कंबर वीस वर्षे दुखत होती आणि हकीम-डॉक्टर झाले, पण ओट्याकडे कोणी पाहिले नाही. मोठे पातेले रोज चढत असेल तर शेगडीपुरती जागा तीन-चार इंच खाली घ्यावी, म्हणजे आतले ढवळताना हात खांद्यावर जात नाही.

गॅसचे सिलिंडर ओट्याखाली बंद कपाटात ठेवायची आता फॅशन झाली आहे. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. कपाटाच्या दाराला अगदी तळाशी आणि वरती जाळी हवीच. रबरी नळी आयएसआयची घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. पाइपचा गॅस आलेला असेल तर ती नळी कंपनीच्या माणसाशिवाय कोणी हलवू नये, प्लंबर कितीही ओळखीचा असो.

दिवस किती लागतात? मिस्त्री आठ दिवस सांगतो. महिना धरावा. फोडायला एक दिवस, राडारोडा उचलायला एक, नळ आणि विजेची कामे दोन-तीन दिवस, मग टाइल्स, मग ओटा, मग ओटा पक्का बसेपर्यंत थांबणे. कपाटांचे अंतिम माप टाइल्स आणि ओटा बसल्यावरच घ्यावे. जुन्या घरांच्या भिंती काटकोनात नसतात, आधीच्या मापाने केलेले कपाट एका टोकाला बसते आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटे फट राहते. तोवर चूल कुठे मांडणार, भांडी कुठे घासणार, हे घरातल्या बायकांना आधी विचारावे. मुहूर्ताचेही एक गणित आहे. प्रत्येकाला रमजानच्या आधी किचन हवे असते आणि उत्तर प्रदेशातले कारागीर ईदला गावी जातात. राजस्थानातले होळीला, दिवाळीला जातात. शाबानमध्ये काम काढले की अर्धवट दारांसह ईद साजरी करावी लागते. आम्ही केली आहे.

मागच्या वर्षी ओटा आणि कपाटे पुन्हा केली, आणि काम त्याच मिस्त्रीला दिले. दुकानातली माणसे हसली. पण या वेळी दोन पानी कागद केला. प्लायवूडचा क्रमांक, जाडी, सनमायका एक मिलिमीटरचा, आतल्या बाजूलाही लावायचा, बिजागऱ्यांचा मेक, ट्रॉल्यांची संख्या, एकूण चौरस फूट, सगळे त्यात. भावात मी एक पैसा कमी केला नाही. फक्त त्याने दिलेल्या मालाचे पक्के बिल दुकानदाराकडून माझ्या नावावर घेतले. पक्के बिल असले की वाद झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. कारागिराच्याही हाती तोच कागद असतो. मध्येच गिऱ्हाईक म्हणाले, "इथे अजून एक खण काढ, त्यात काय एवढे," तर तो कागद दाखवून वेगळे पैसे मागू शकतो. आमच्याकडे असे तीन वेळा झाले आणि तिन्ही वेळा मला पैसे द्यावे लागले.

पैसे आम्ही चार टप्प्यांत दिले. माल घरात आल्यावर, सांगाडे उभे राहिल्यावर, दरवाजे लागल्यावर, आणि शेवटचा दहावा हिस्सा एक महिन्याने. महिन्याने कारण दरवाजे वापरात आले की थोडे खाली उतरतात आणि बिजागरी पुन्हा कसावी लागते. ठरल्या दिवशी मिस्त्री पेचकस घेऊन आला, सगळी दारे तपासली, दोन कसली आणि पैसे घेऊन गेला. उरलेल्या सनमायकाचा हातभर तुकडा आणि दोन टाइल्स मी माळ्यावर ठेवल्या आहेत. थानाचा नमुना कापून ठेवतो तसा त्यावर दुकानाचे नाव आणि शेड नंबर लिहून.