अनवस्थितसत्त्व वय आणि आपले चिकित्सालय

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वयाचे विभाग सांगताना चरकाचार्यांनी सोळा वर्षांपर्यंतचे वय अपरिपक्व धातूंचे मानले आहे. परंतु बाल्याची मर्यादा तेथेच न थांबवता त्यांनी ती तीस वर्षांपर्यंत नेली आहे. या उत्तरार्धात धातूंचे गुण वाढत असतात, पण सत्त्व बहुधा अनवस्थित असते, असे ते सांगतात. शरीराने प्रौढ दिसणारा युवक मनाने अद्याप स्थिरावलेला नसतो, हा त्याचा सरळ अर्थ. पदवी अभ्यासक्रमात आपण सर्वांनी हे परीक्षेपुरते पाठ केले. वर्धा जिल्ह्यात दैनंदिन व्यवसाय करताना त्याचा उपयोग काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आधुनिक मानसशास्त्राचा अनुभवही याच दिशेचा आहे. प्रौढ वयात आढळणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे निम्म्यांचा आरंभ अठराव्या वर्षापर्यंत झालेला असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. त्यात महाराष्ट्र नव्हता, परंतु शेजारची मध्य प्रदेश व छत्तीसगड ही राज्ये होती. बहुतेक ठिकाणी अठराव्या वर्षी रुग्ण बालविभागातून प्रौढ विभागात जातो आणि नेमक्या याच वळणावर उपचार सुटतात. ही उणीव ओळखून ऑस्ट्रेलियात २००६ साली १२ ते २५ वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘हेडस्पेस’ ही एकसंध सेवा सुरू झाली. ग्रंथोक्त वयविभाग ध्यानी ठेवणाऱ्या वैद्याला ही कल्पना परकी वाटू नये.

आपल्या जिल्ह्याचे चित्र

कापूस आणि सोयाबीन, तीही बहुतांशी पावसाच्या भरवशावर, ही येथील शेती. विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. त्या दौऱ्यात ते आपल्या वायफड गावीही आले होते. योजनेचा भर कर्ज, व्याज, सिंचन व बियाणे यांवर होता. पुढे २०१५ मध्ये राज्य शासनाने चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यातही वर्ध्याचा समावेश झाला. हे सर्व आवश्यकच होते. परंतु कर्ता पुरुष गेल्यानंतर घरात उरलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचे मन कोणी पाहावयाचे? जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी असली तरी मद्यपी पित्याच्या धाकात वाढणारे मूलही आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. त्यात दहावी-बारावीचे दडपण, शिकवणीसाठी नागपूरला एकट्याने राहणे आणि घरच्यांनी कर्ज काढून भरलेले शुल्क यांची भर पडते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि राज्यांमध्ये ही संख्या सर्वाधिक होती.

हे मूल ‘माझे मन आजारी आहे’ असे म्हणत आपल्याकडे येत नाही. ‘वैद्यबुवा, याचं पोट दुखते, जेवत नाही, शाळेच्या वेळेला डोकं धरते,’ एवढेच आई सांगते. आमच्या चिकित्सालयात अशी मुले वारंवार येतात. तपासणीत काही सापडत नाही, अग्नी मंद असतो, निद्रा बिघडलेली असते. मुलगी एकाएकी बोलेनाशी झाली किंवा तिला झटके आले, तर घरचे लोक आधी मांत्रिकाकडे जातात आणि आठवडे वाया जातात. निदानस्थानात चरकाचार्यांनी उन्मादाचा दोष देव-पिशाचांवर न टाकता प्रज्ञापराधाकडे बोट दाखवले आहे, हे अशा वेळी पालकांना समजावून सांगता येते. याचा अर्थ मुलाला दोषी धरणे असा मात्र नव्हे. अघोरी उपायांविरुद्ध २०१३ पासून राज्यात कायदाही आहे, हेही सांगावे.

वैद्याने काय करावे

प्रथम मुलाशी एकट्याने बोलावे. झोप, भूक, मित्र, अभ्यास, मोबाइल, मारहाण यांविषयी शांतपणे विचारावे. मुलगी असल्यास परिचारिका वा आई दृष्टीच्या टप्प्यात असावी. ‘जीव नकोसा वाटतो का?’ हा प्रश्न टाळू नये. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मुलाला मोकळे होता येते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि घरातील फवारणीचे औषध त्याच दिवशी कुलुपात किंवा घराबाहेर ठेवण्यास सांगावे. शेतकरी घरात विष हाताशी असते. आवेगाचा तो अल्प काळ टळला तर पुष्कळ जीव वाचतात.

दुसरे, सत्त्वावजय. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्याला व्यवहाराचे रूप द्यावे लागते. झोपण्या-उठण्याची वेळ ठरवणे, रात्री मोबाइल दूर ठेवणे, दिवसातून एक काम हाताने पूर्ण करणे आणि दर आठवड्याला वैद्याकडे येऊन ते सांगणे, एवढ्यापासून आरंभ होतो. पालकांनाही याच चिकित्सेत घ्यावे. तुलना आणि टोमणे ही अपथ्येच समजावीत.

तिसरे, औषधाची सावधगिरी. सर्पगंधेचा उन्मादातील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली प्रसिद्ध केला, हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. परंतु तिच्यातील रेसर्पिन विषाद वाढवू शकते, असा इशारा औषधशास्त्रात दिलेला आहे. खिन्न, अबोल युवकास झोप यावी म्हणून सर्पगंधायुक्त कल्प देणे टाळावे. तसेच शंखपुष्पी सिरपमुळे फेनिटोइन या अपस्मारावरील औषधाची रक्तातील मात्रा घटते, असे मुंबईतील संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवले. मेध्य म्हणून सहज दिलेली बाटली अशा रुग्णाचे झटके परत आणू शकते. म्हणून चालू असलेली औषधे विचारल्यावाचून चिठ्ठी लिहू नये. आणि मनोविकारतज्ज्ञाने दिलेली औषधे आपल्या सांगण्यावरून एकाएकी बंद होऊ देऊ नयेत. ‘आता सगळे आयुर्वेदिकच द्या’ हा पालकांचा आग्रह प्रेमाचा असला तरी घातक ठरू शकतो.

चौथे, वेळेवर पाठवणी. आत्मघाताचा विचार, भास, असंबद्ध बोलणे, अनेक दिवस अन्नत्याग, झटके किंवा अचानक पालटलेली वागणूक आढळल्यास थांबू नये. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय या दोन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहेत. आष्टी-कारंजाकडील गावाहून तेथे जाण्यात पूर्ण दिवस जातो आणि मजुरीही बुडते. त्यामुळे नुसती चिठ्ठी पुरेशी नाही. कोणत्या विभागात जायचे, सोबत कोणते कागद न्यायचे आणि परत आल्यावर आपल्याला कधी भेटायचे, हेही लिहून द्यावे. दरम्यान ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक चिकित्सालयाच्या भिंतीवर लावावा.

कायदा आणि आपले स्थान

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत होऊन २०१८ मध्ये अमलात आला. मनोविज्ञान व मानसरोग या विषयात आयुर्वेदाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या वैद्यास त्यात मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीधरास ते नाही. त्यामुळे आपली मर्यादा ओळखूनच वागावे. दाखल केलेल्या अल्पवयीन रुग्णास प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, असेही त्यात आहे. पोलिसांच्या भीतीने विषप्राशन लपवणाऱ्या पालकांना ही तरतूद समजावून सांगितली, तर उपचारातील विलंब टळेल.

गावातले मूल प्रथम आपल्याकडेच येते, कारण आपण त्याचे घर ओळखतो. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने या जिल्ह्यातील गावांत किशोरी पंचायती स्थापून मुलींना बोलते केले. शाळा, अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्याशी संपर्क ठेवून आपणही आपापल्या गावात हे करू शकतो. वर्षातून दोनदा, सहामाही आणि वार्षिक परीक्षेपूर्वी, जवळच्या शाळेत एक तास द्यावा. मुलांना झोप, आहार व भीती यांविषयी सांगावे आणि शेवटी त्यांचे ऐकावे. सोळाव्या किंवा अठराव्या वर्षी अशा रुग्णाचा कागद बंद न करता तो तिशीपर्यंत उघडा ठेवावा. चरकाचार्यांनी घातलेली मर्यादा तीच आहे.