काटा आधी, पाना नंतर

कॉटन ग्रीनच्या गोदामांपाशी उभ्या असलेल्या डिझेल ट्रकला व्हॅक्यूम गेज लावून फारसे हाती लागत नाही. पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवणारी थ्रॉटलची झडप तिथे काम करत नाही, म्हणून मोजण्याजोगा व्हॅक्यूम तयार होत नाही. पेट्रोल किंवा सीएनजीवरच्या टॅक्सीचे तसे नाही. थ्रॉटलपलीकडे इनटेक मॅनिफोल्डला गेजची नळी जोडा आणि गरम इंजिन आयडलवर ठेवा. समुद्रसपाटीच्या मुंबईत निरोगी इंजिनाचा काटा साधारण 17 ते 21 इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. स्थिर पण खाली असेल, तर हवेची गळती किंवा उशिरा पडणारी ठिणगी. ठरावीक तालात झटका खात असेल, तर जळका व्हॉल्व्ह. रेस धरून ठेवल्यावर हळूहळू उतरला, तर तुंबलेला सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर असताना हे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण ‘मिश्रण पातळ’ हा कोड हवेच्या गळतीनेही येतो आणि इंधन कमी पडल्यानेही. नेमके कुठे शोधायचे, हे काटा सुचवतो. आकडे फसवतात, हेही खरे: दर 300 मीटर उंचीला सुमारे 1 इंच घटतो, म्हणून लोणावळ्यात तीच गाडी दोन इंच खाली दिसेल. तेव्हा केवळ काट्यावर विसंबून हेड उतरवू नये; कॉम्प्रेशन टेस्टने खात्री करावी. तरीही काहीही न खोलता चालत्या इंजिनाची तपासणी होते. टॅक्सीवाल्याची रोजी गाडीवर असते. अंदाजाने सुटे भाग बदलण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.