हातोड्याखालचं तांबं

तांब्याच्या जुन्या हंड्यावर किंवा बंबावर एकाला एक लागून चकाकते ठोके दिसतात. ते नक्षी म्हणून मारलेत असं बहुतेकांना वाटतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत या कामाला मठारकाम म्हणतात, आणि मठारल्याशिवाय तिथे भांडं पुरं झालं असं कुणी मानत नाही. ठोके सुरेख दिसतात, हे खरंच. पण ते मारलेच नाहीत तर तोच हंडा पाण्याने भरून उचलताना काठाशी वाकेल, आणि नळाच्या तोटीला नुसता आपटला तरी पोचा येईल.

पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही आळी. हंडे, घागरी, पराती, तपेली, पूजेची उपकरणी आणि घरोघरचे बंब इथे घडत. कारागिरांच्या पिढ्या बदलल्या, पण कामाचा क्रम फारसा बदलला नाही. तो बदलता येण्यासारखा नाहीच, कारण तो तांब्याच्या स्वभावाने ठरवून दिला आहे.

शुद्ध तांबं मऊ असतं. त्यातल्या अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून घाव बसला की ते तडकत नाही, पसरतं. बिडाच्या भांड्यावर असा घाव घातला तर तुकडे होतील. मात्र हे सरकणं फुकट होत नाही. प्रत्येक घावाबरोबर धातूच्या आत बारीक दोषांचा गुंता वाढत जातो आणि पुढचं सरकणं अडू लागतं. तांबं कडक होतं, हातोडा जास्त उसळी घेऊ लागतो, आधीचा बद्द आवाज खणखणीत होतो. इथे कारागीर थांबतो. आणखी ठोकलं तर पत्र्याला चीर जाईल, हे त्याचा हात आणि कान त्याला सांगतात. हे कडक होणं नेमकं कशामुळे, याचा उलगडा शास्त्रज्ञांना बऱ्याच उशिरा झाला. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे त्या आतल्या दोषांची कल्पना मांडली. तांबट मात्र कितीतरी आधीपासून त्याच जाणिवेवर पोट भरत आले होते.

कडक झालेलं भांडं भट्टीत जातं. लालसर होईपर्यंत तापवलं की आत नवे, ताणमुक्त स्फटिक तयार होतात आणि तांबं पुन्हा मऊ होतं. मग ते सरळ पाण्यात बुडवतात. पोलाद असं लाल करून पाण्यात घातलं तर काचेसारखं कडक होईल. तांब्याला त्याने काही होत नाही, उलट वरची काळी खपली सुटून पडते. ठोका, तापवा, बुडवा, पुन्हा ठोका. सपाट चकतीची खोल घागर या फेऱ्यांतूनच होते.

आता जोडाकडे बघा. जुन्या घागरीच्या पोटावर दातेरी पिवळी रेघ दिसते. दोन पत्र्यांच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसवलेले असतात आणि त्या फटीत पितळी डाख सवागी (टाकणखार) लावून वितळवलेला असतो. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. जस्त मिसळलेलं पितळ त्याच्या बरंच आधी, साधारण ९०० अंशांच्या आसपास. मधल्या या फरकात डाख पाण्यासारखा वाहतो आणि तांबं जागचं हलत नाही. पण इतक्या उष्णतेत जोडाभोवतीचं तांबं पुन्हा मऊ पडतं. आतापर्यंत ठोकून कमावलेली ताकद त्या भागातून निघून जाते. म्हणून मठार शेवटी. गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने, आतून लोखंडी टेकू देऊन, थंड भांड्यावर ओळीने, एका ठोक्याची कड दुसऱ्यावर चढवत. यानंतर भट्टी नाही. तांबट आळीतल्या सगळ्या कामात मला हीच पायरी सर्वांत शहाणी वाटते: भांड्याचं रूप आणि बळ एकाच ठोक्यात येतं, आणि पत्रा पातळ ठेवता येतो.

पत्रा पातळ असण्याचं मोल बंबात कळतं. मध्ये उभी नळी, तळाशी जाळी, भोवती पाणी. नळीत लाकडं किंवा कोळसा घातला की धग चहूबाजूंनी पाण्याला मिळते. तांबं लोखंडाच्या जवळपास पाचपट आणि स्टेनलेस स्टीलच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहतं. आत पाणी आहे तोवर नळीचं तांबं पाण्याच्या उकळबिंदूच्या फारसं वर जात नाही, त्यामुळे ना मठाराची ताकद जात, ना डाख सुटत. रिकाम्या बंबात जाळ घालू नये, हा घरातल्या मोठ्यांचा दंडक याचसाठी होता.

कल्हईचंही असंच. तांब्या-पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर कळकते, कारण आंबट पदार्थात तांबं विरघळतं. त्यावर उपाय कथलाचा पातळ थर. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो, पांढऱ्या धुराबरोबर पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की क्षणात आत रुपेरी होतं. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून हे काम रस्त्याच्या कडेला छोट्या भात्यावर होतं. त्याच कारणाने कल्हईचं रिकामं पातेलं आचेवर विसरलं तर कल्हई ओघळते. साध्या पाण्यासाठी मात्र कल्हई लागत नाही. पाण्यात उतरणारे तांब्याचे सूक्ष्म अंश जिवाणूंना मारतात. २००८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तांब्याच्या मिश्रधातूंना जिवाणूनाशक पृष्ठभाग म्हणून मान्यता दिली.

मग स्वयंपाकघरातून तांबं हटलं का? स्टील घासायला सोपं, आंबटाला न जुमानणारं. त्यातल्या क्रोमियममुळे वर एक अदृश्य थर धरतो आणि गंज चढत नाही. ॲल्युमिनियम तांब्याच्या तिपटीहून हलकं आणि स्वस्त. चिंच-मीठ घेऊन कोण रोज भांडी घासत बसणार? बायकांचे कष्ट वाचले, आणि त्याबद्दल हळहळ करण्याचं कारण नाही. जिथे उष्णता वाहून न्यायची आहे तिथे तांबं टिकून आहेच. एसीच्या नळ्या तांब्याच्या असतात. त्या मऊ करून वेटोळ्यात येतात आणि फिटर त्या हाताने वाकवतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर नळी तिथे कडक होऊन चिरते, हे त्यालाही ठाऊक असतं.

बंब कुणी घेत नसल्यामुळे आळीतले कारागीर आता वाडगे, दिवे, फुलदाण्या, पाण्याचे जग घडवतात. मठारकाम टिकावं म्हणून वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेने त्यांच्याबरोबर नव्या घाटाच्या वस्तूंवर काम केलं आहे. अडचण अशी की बाजारात यंत्राने ठोके उमटवलेली भांडी ढिगाने मिळतात, आणि लांबून दोन्ही सारखीच दिसतात. घेताना दोन गोष्टी बघाव्यात. आतून बोट फिरवा: साच्याने दाबलेल्या खळग्यांचे उंचवटे बहुतेकदा आत जसेच्या तसे लागतात, तर टेकूवर मठारलेलं भांडं आतून जवळजवळ सपाट असतं. बाहेरचे ठोकेही हुबेहूब एकसारखे नसतात, एकमेकांवर चढलेले असतात. मग काठ दोन अंगठ्यांनी दाबून पाहा. पत्रा पातळ असूनही तो दबत नसेल, तर भांडं खऱ्या हाताखालून गेलेलं आहे आणि त्याची जास्तीची किंमत रास्त आहे.