रजेवर असताना राजीनामा?

बाळ चार महिन्यांचं झालं की घरात एक प्रश्न हळूच डोकं वर काढतो. 'मग, नोकरीचं काय ठरवलंस?' विचारणाऱ्यांत आई असते, सासूबाई असतात, शेजारच्या काकूही असतात. (बाळाच्या बाबांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, ते असो!) रात्रभराचं जागरण, पाळणाघराचा पत्ता नाही, आणि मग एखाद्या दुपारी बाळाला मांडीवर घेऊनच राजीनाम्याचा मेल जातो.

नोकरी सोडायची की नाही, हा जिचा तिचा प्रश्न. पण रजेवर असताना घाईने सोडली तर काय हातचं जातं, ते आधी बघायला हवं. 1961 च्या कायद्यातली 12 आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा 2017 मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे झाली. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तेवढीच आहे. या रजेत बाईला कामावरून काढणं बेकायदा. म्हणूनच काही ठिकाणी साहेबांचा गोड आवाजात फोन येतो, 'बाळ लहान आहे, तुम्हीच राजीनामा दिलात तर बरं.' अहो, आपणच सही करून दिल्यावर कायदा तरी काय करणार? ती दबावाखाली घेतली, हे नंतर सिद्ध करत बसायचं कुणी?

माझ्या ओळखीतल्या एकीने अशा फोनवर 'विचार करून लेखी कळवते' एवढंच सांगितलं आणि नेमणूकपत्र काढून वाचलं. नोटीस दोन महिन्यांची, आणि रजेचे दिवस नोटिशीत धरणार नाही, असं त्यात साफ लिहिलेलं! म्हणजे तडकाफडकी सोडली असती, तर दोन महिन्यांचा पगार उलटा भरावा लागला असता. शिवाय ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला तीनच महिने कमी होते, आणि बाळंतपणाची रजा त्या सेवेत धरली जाते.

पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं, हेही तिला तेव्हाच कळलं. तिने मेल पाठवला, पण त्यात राजीनामा नव्हता. पाळणाघराची काय सोय आहे आणि काही आठवडे घरून काम करता येईल का, हे दोनच प्रश्न होते. उत्तर यायला बारा दिवस लागले. घरून काम नाही मिळालं, पण जवळच्या एका पाळणाघराशी ऑफिसने बोलणी केली.

ती रुजू झाली. पुढे सात महिन्यांनी तिने नोकरी सोडलीच, पण नोटीस भरून आणि ग्रॅच्युइटीचा चेक घेऊन.