अखंड बोलणारी लिंक

रात्री दीड वाजता पुण्याच्या स्विच-रूममध्ये आम्ही चौघे होतो. बाहेर मे महिना, आत एसीमुळे अंगावर स्वेटर. मुंबईच्या एसटीपीकडे, म्हणजे सिग्नलिंगचे निरोप पुढे वाटणाऱ्या स्विचकडे, जाणाऱ्या सिग्नलिंग लिंक्स त्या रात्री जुन्या ई-वन तारांवरून आयपीवर न्यायच्या होत्या. काम सुरू व्हायच्या आधी सरांनी मला प्रोटोकॉल टेस्टर जुन्या लिंकला लावायला सांगितला. म्हणाले, "नीट बघून घे. पुढच्या पोरांना हे बघायला मिळणार नाही."

पडद्यावर ओळी धावत होत्या आणि त्यातल्या बहुतेक रिकाम्या होत्या. सिग्नलिंग सिस्टीम नंबर सातची ६४ किलोबिटची लिंक कधीच गप्प बसत नाही. सांगण्यासारखं काही नसलं की ती फिसू पाठवते. सहा बाइटचा तुकडा, आत निरोप नाही. तुझा शेवटचा निरोप पोचला, मी जागेवर आहे, एवढंच तो सांगतो. लिंक पूर्ण मोकळी असेल तर हे सेकंदाला तेराशेहून जास्त वेळा चालतं. त्यामुळे तांब्याची तार कुठे खराब झाली, की सेकंद उलटायच्या आत दोन्ही टोकांना कळतं. भार शेजारच्या लिंकवर जातो, आणि मधेच अडकलेले निरोप कोणते याचा हिशेब जुळवून तेही त्या लिंकवरून पुढे जातात. १९८० साली आंतरराष्ट्रीय मानक झालेली ही व्यवस्था मला आजही मानवी हातानं केलेल्या फार सुंदर कामांपैकी एक वाटते.

ही आवाजाची वाट नव्हे. आवाज जाण्याआधीची बोलणी इथे होतात. नंबर लावला की आयएएम निघतो: अमुक नंबरसाठी कॉल आहे, अमुक सर्किटवर. पलीकडे नंबर सापडला, घंटी जाऊ लागली की एसीएम. उचलला की एएनएम, आणि बिलाचं मीटर तिथून चालू. ठेवला की आरईएल, त्याला उत्तर आरएलसी. लग्नाची बोलणी असो की अपघाताची खबर, स्विचच्या बाजूनं पाच निरोपांत कॉल संपतो.

इतकं चांगलं चाललेलं हलवायचं कशाला? मुख्य कारण एसएमएस. तो आवाजाच्या सर्किटवरून जातच नाही, सिग्नलिंगच्या निरोपात बसून जातो. म्हणून तर त्याला १४० बाइटची मर्यादा. त्यात इंग्रजीची १६० अक्षरं मावतात आणि देवनागरीची ७०, तीही काना, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर सगळं वेगवेगळं मोजून. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढं लिहिलं की २७ संपले. लिंक साधारण ४० टक्केच भरायची असा नियम, म्हणजे एक पडली तर जोडीदारणीला तिचाही भार उचलता यावा. आणि एका लिंकसेटमध्ये लिंक्स जास्तीत जास्त १६. दिवाळीला आणि ३१ डिसेंबरच्या रात्री हा हिशेब कोलमडायचा.

म्हणून सिगट्रान, म्हणजे हेच सिग्नलिंग आयपीवरून न्यायची पद्धत. ऑक्टोबर १९९९मध्ये त्याचा आराखडा आला, वर्षभरानं त्याखालचा वाहतुकीचा प्रोटोकॉल, एससीटीपी. टीसीपी हाताशी असताना नवा प्रोटोकॉल का, हे मला सरांनी कागदावर रेघा ओढून समजावलं होतं. टीसीपी सगळ्यांना एका रांगेत उभं करतो. नागपूरच्या कॉलचा एक निरोप हरवला तर मागचे कोल्हापूर, सोलापूर सगळे खोळंबतात. एससीटीपीत एकाच असोसिएशनमध्ये अनेक स्ट्रीम असतात, ज्याचं अडलं तो थांबतो. शिवाय प्रत्येक टोकाला दोन-दोन पत्ते देता येतात, एक वाट बंद पडली तर दुसरी. त्याच्यावर एम-थ्री-यूए बसतो. पायाखालची जमीन बदलली, हे तो वरच्या थराला कळू देत नाही.

दोनच्या सुमारास असोसिएशन उभी राहिली, एम-थ्री-यूएचं आमच्याकडचं टोक, म्हणजे एएसपी, अ‍ॅक्टिव्ह झाला, टेस्ट कॉल लागला. मला वाटलं झालं काम. सर म्हणाले, "आता राउटरच्या पुढची केबल काढ."

काढली. आमच्या पोर्टचा दिवा हिरवाच राहिला. पुन्हा कॉल लावला आणि फोन कानाला धरून उभा राहिलो. काहीच नाही. मग बऱ्याच उशिरानं घंटी. दुसरा कॉल त्याहून उशिरा. एकही अलार्म नव्हता.

वायरशार्क या पॅकेट बघायच्या साधनात कारण दिसलं. एससीटीपीच्या मानकातली मूळ मूल्यं तशीच राहिली होती. उत्तरासाठी आधी एक सेकंद थांबायचं, मग दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. ही वाट मेली असं ठरवायला ६३ सेकंद. तोवर निरोप आधी मेलेल्या वाटेवर जाणार, तिथे ताटकळणार, मग दुसऱ्या वाटेनं पोचणार. आयपीवर कुणी गप्प असणं हीच नेहमीची अवस्था. हार्टबीट आहे, पण मूळ मूल्य ३० सेकंदांचं. सेकंदाला तेराशे फिसूंच्या सवयीतून आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, मलाही गेलं.

सरांनी ३०० मिलिसेकंद आणि दोनच पुनर्प्रयत्न असं ठरवलं, म्हणजे सगळा निकाल दोन सेकंदांच्या आसपास. आणखी खाली का नाही, तर समोरच्याला पोच द्यायला २०० मिलिसेकंद थांबायची मुभा असते. त्याच्याखाली गेलं तर पोचलेलेच निरोप पुन्हा पाठवत बसाल. हे दोन्ही टोकांना बदलायला हवं होतं. मुंबईच्या ताई फोनवर म्हणाल्या, "सर, प्लॅनमध्ये नाहीये हे. मेल लागेल."

"मेल आत्ता टाकतो, ताई. लाइनवर थांबा."

पावणेचारला केबल पुन्हा काढली. घंटी वाजली. सरांनी मला तेच आणखी सहा वेळा करायला लावलं, कधी ही वाट, कधी ती.

जुन्या लिंक्स आधारासाठी आठ दिवस ठेवल्या होत्या. नवव्या दिवशी मी टेस्टर लावूनच आमच्या बाजूची शेवटची लिंक बंद केली. मुंबईकडून लगेच दुसरे तुकडे येऊ लागले: चल, पुन्हा जुळवून घेऊ. ताईंना सांगून त्यांच्याकडूनही बंद करवली. तरी ओळी येतच राहिल्या, आता एसआयओएस. मी सेवेबाहेर आहे. मी सेवेबाहेर आहे. थोडा वेळ बघत बसलो, मग डीडीएफ या जोडणीच्या फ्रेमवरची केबल काढली.